तक्रार निकाली

"सासूबाई उघड्या गटारात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आणि नवरा म्हणतो, पाडलंस तूच!"

शिंपीण रडत नव्हती, दातओठ खात होती. गटाराला झाकण नाही, अशी तक्रार तिच्या नावाने पालिकेच्या संकेतस्थळावर दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. झाकण बसलं नाही, तक्रार मात्र 'निकाली' निघाली.

"कचेरी म्हणते, तक्रारदाराने मोबाइलवर आलेला कोड सांगितल्याशिवाय ती बंद होतच नाही. म्हणून हे म्हणतात, कोड तूच दिलास. मला कोड आलाच नाही, ताई!"

"फॉर्म कुणी भरला?" ताईंनी विचारलं. खासगी डिटेक्टिव्ह म्हणून त्यांचा दरारा होता.

"यांनी, यांच्या मोबाइलवरून. म्हणे, तुला यातलं काय कळतं?"

ताईंचे जोडीदार, निवृत्त मास्तर, मनात म्हणाले, कोड काय हवेत विरला? बाई विसरली असेल.

कचेरीच्या भिंतीवर फलक होता: 'तक्रार निवारण शंभर टक्के'. खाली अभियंता कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"झाकण बसवलंत?"

"मागवलंय."

"मग तक्रार बंद कशी?"

"मुदत संपत होती. नोंदलेल्या नंबरवर फोन करून कोड मागितला, मिळाला. आता कांगावा कशाला?"

"आवाज बाईचा होता?"

"दिवसाला पन्नास फोन करतो. आवाज कोण लक्षात ठेवतो?"

"हाच लबाड!" बाहेर येताच मास्तर म्हणाले.

"लबाड आहेच. पण कोड त्याला दिला कुणी?"

घरी नवरा दारातच अंगावर आला. "आता डिटेक्टिव्ह आणलेस? ते चार आकडे सांगितलेस, आणि माझी आई जायबंदी झाली!"

"तुम्ही कचेरीत गेला होतात?" ताईंनी विचारलं.

"पायरीसुद्धा चढलो नाही."

"मास्तर, कोड किती आकडी होता, हे आपल्याला कुणी सांगितलं?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "कुणीच नाही."

"हिला तो आलाच नाही. हे कचेरीत गेले नाहीत. मग चार आकडे यांना कसे ठाऊक? फॉर्म भरताना यांनी नंबर स्वतःचा घातला. कोड यांच्याच मोबाइलवर आला. काढा तक्रारीची पावती, त्यावर नंबर असेल."

नवऱ्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"कामात होतो," तो पुटपुटला. "कटकट नको म्हणून सांगून टाकला. वाटलं, बसवलं असेल झाकण."

"आणि आई पडल्यावर?"

त्याने मोबाइल खिशात आणखी खोल सारला.

"काम न करता कोड मागणाऱ्याची तक्रार मी वर करीन," ताई म्हणाल्या. "पण स्वतःचं पाप बायकोच्या माथी मारलंत, त्याला कुठली कचेरी?"

आतल्या खाटेवर सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. पडल्यापासून त्या सुनेशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"सूनबाई, आत ये," त्यांनी हाक मारली. "एकटी ये."

शिंपीण आत गेली आणि तिने नवऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.