दीड फूट कमी

मागच्या अंगणात ती गुडघाभर खड्ड्यात उभी, हाताला माती, कपाळालाही माती — आणि नेमका तेव्हाच नगरपालिकेचा इंजिनिअर फाटकातून आत आला. आता याला काय म्हणावं? अख्खा आठवडा ती चष्म्याच्या दुकानात नीटनेटकी बसलेली असायची, तेव्हा असं कोणी फिरकलं नाही.

"मनोऱ्याचा अर्ज तुमचाच?"

"माझाच. खड्डाही माझाच."

त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

तिचा दादा वर्षभरासाठी दूरच्या एका बेटावर, हवामान केंद्रात गेला होता. फोन महिन्यातून एकदा, तोही तुटक. पण तिथे रेडिओ होता, आणि हिच्याकडे रेडिओ चालवायचा परवाना. कपड्यांच्या दोरीशेजारी ताणलेल्या तारेवर दादाचा आवाज यायचा खरा, पण खरखरीत बुडून. आई रोज संध्याकाळी कान लावून बसायची आणि शेवटी विचारायची, "तोच होता ना गं?" अंगणात चाळीस फुटी मनोरा उभा राहिला की आवाज लख्ख येणार होता. परवानगीची बैठक उद्याच होती. ती हुकली की थेट सहा महिन्यांनी. त्यात शेजारच्या मुख्याध्यापिका काकूंनी लेखी आक्षेप ठोकलेला — मनोरा आमच्या काचेच्या खोलीवर पडेल.

नियम साधा होता. मनोरा जेवढा उंच, तेवढाच तो कुंपणापासून लांब हवा. इंजिनिअरने टेप लावून मोजलं, फाइल उघडली आणि विचारात पडला. पेन्सिल फाइलवर आपोआप वाजायला लागली. टक… टक… खर्र… टक…

ती खड्ड्यातच थबकली. टिंबाला टकटक, रेघेला घासणं — हा तर मोर्स! तारेची जुनी लिपी. ती रोज रात्री रेडिओवर हीच वाजवायची.

'दीड फूट कमी. वाईट झालं.'

तिने खड्ड्याच्या कडेकडे बघितलं. दीड फूट? तीन फुटी पाया… म्हणजे आपण मापलं मध्यापासून, आणि हा मापतोय पायाच्या कडेपासून.

"वरचा पाइप दीड फूट कापते," ती घाईने म्हणाली. "मग बसेल ना नियमात?"

"बसेल… पण मी अजून काही बोललोच नाही."

"तोंडावर दिसलं तुमच्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. पेन्सिल वाजली. 'हुशार आहे.' थोडी थांबली… आणि पुन्हा. 'काय डोळे आहेत.'

अगं बाई. ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. तिच्या डोळ्यांबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. तिचे कान तापले.

"त्या पेन्सिलीशी काय वैर आहे तुमचं?"

"आजोबा तार मास्तर होते. त्यांची सवय लागलीय. आता कोणाला कळतंय म्हणा… तुम्ही लोक माइकवरच बोलता ना?"

"बोलतो की," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते, अर्धंच होतं.

करवतीने पाइप कापताना त्याने पाइप धरला. बोलता बोलता म्हणाला, "गेल्या महिन्यात मावशीच्या गॅलरीची फाइल आली. ओळखीतली म्हणून दुसऱ्या साहेबांकडे दिली. मावशी अजून बोलत नाही माझ्याशी." तिने ओठ घट्ट मिटले. आत्ता आपण उत्तर वाजवलं तर हा सरळ माणूस आपलीही फाइल दुसऱ्याकडे देणार, आणि उद्याची बैठक गेली. जाताना त्याने फाटकावर बोटांनी वाजवलं, 'परत यायला निमित्त हवं.' तिने फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत काकू उठल्या. "पडला तर?"

"पडला तर यांच्याच अंगणात पडेल, काकू. मी स्वतः दोनदा मोजलंय. या, तुमच्यासमोर तिसऱ्यांदा मोजतो."

काकू बसल्या. शिक्का पडला.

नगरपालिकेच्या खिडकीवर त्याने तिच्या हातात कागद दिला. "अभिनंदन. आता फाइल बंद."

"नक्की बंद? पुन्हा उघडत नाही ना?"

"नाही."

मग तिने नखाने लाकडी फळीवर वाजवलं. टक… खर्र… शांतपणे, एकेक अक्षर. 'डोळ्यांचा निरोप मिळाला. पुन्हा पाठवा.'

त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. "तुम्ही… सगळं?"

"सगळं. फाटकावरचंही."

"मग… या वेळी तोंडाने सांगितलं तर चालेल?"

"पळेल," ती म्हणाली, आणि तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तेही त्याला वाचता येईल असं तिला वाटलं.

रविवारी मनोरा उभा राहिला. दोर ओढायला काकूही आल्या. संध्याकाळी रेडिओ लावला, आणि दादाचा आवाज आला — शेजारच्या खोलीतून यावा तसा. आईने पदर डोळ्यांना लावला. आज तिने काही विचारलं नाही.

"कोण कोण आहे गं तिथे?" दादा म्हणाला.

"आई, काकू… आणि नगरपालिकेचे इंजिनिअर."

"परवानगी मिळाली ना? मग ते काय करतायत?"

तिने बाजूला बघितलं. "तपासणी चालू आहे अजून."

माइकशेजारी टेबलावर हलकेच पेन्सिल वाजली. 'आयुष्यभर चालेल.'

तिकडे खरखर झाली. मग दादा खाकरला.

"त्यांना सांग… मोर्स मलाही येतो."