सुई उचलायची नाही

रविवारी दुपारी चष्मेवाली ताई दुकानाला कुलूप लावून निघाली, तेव्हा तिच्या काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक रेकॉर्ड होती. काम साधंच होतं. धाकट्या भावाची रेकॉर्ड कुणी मागितली होती, ती नेऊन द्यायची. ऊन स्वच्छ पडलं होतं, पोरं रस्त्यात सायकली फिरवत होती. बाई कुणाकडे तरी चहाला निघाली असेल असंच बघणाऱ्याला वाटलं असतं. ताईच्या पोटात मात्र महिनाभर आग पेटलेली होती, आणि आज ती ओकायची असं ठरवूनच ती निघाली होती.

भाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याला एकच वेड होतं, विलायतेतल्या चौघांचा एक जुना रॉक बँड. ताईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण शहरात असे वेडे आणखी तिघं होते आणि वर्षातून एकदा ते एकत्र बसून बँडचा सर्वांत थोर अल्बम कोणता याचा निकाल लावत. अल्बमची खरी नावं घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. कव्हरवरच्या चित्रावरून दीपगृहवाला, छत्रीवाला, जिन्यावाला अशी नावं त्यांनी पाडली होती. लोक बांधावरून भांडणार नाहीत इतके हे लोक भांडत. एकदा तर बेकरीवाल्याची दाढ ठणकत होती, तरी तो मंडळातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेला नाही. छत्रीवाल्याला नावं ठेवणाऱ्या माणसापुढे मी आ करणार नाही, म्हणाला.

तिसरा जज्जसाहेब. तो कसला जज्ज, जहाजी मालाचा दलाल होता. पण बैठक त्याच्या घरी, यंत्र त्याचं आणि शेवटचा शब्दही त्याचाच. त्यांचा एक नियम होता. ज्याने जो अल्बम आणला त्याची एक बाजू सगळ्यांनी ऐकायची. शेवटचं गाणं संपलं की सुई मधल्या रिकाम्या खोबणीत शिरते आणि कुणी उचलेपर्यंत टक्, टक्, टक् करत तिथेच फिरत राहते. ती टकटक चालू असेपर्यंत बोलायची पाळी त्याची. बोलणारा ‘झालं’ म्हणेपर्यंत सुई उचलायची नाही.

भाऊ बोलताना अडखळायचा. पहिल्या अक्षरावरच त्याची गाडी अडायची. मंडळी त्याला ‘अडकलेली रेकॉर्ड’ म्हणत आणि तोही बिचारा हसायचा. त्याचा लाडका अल्बम खुर्चीवाला. कव्हरवर नुसती रिकामी खुर्ची. बँड फुटायच्या बेतात असताना केलेला, सगळ्यांच्या मते टाकाऊ. “यात गा... गाणाऱ्याचा गळा फाटलाय, ताई. तरी तो थां... थांबत नाही,” तो सांगायचा. तोंडात पेपरमिंटची गोळी धरून आरशासमोर त्याने त्या भाषणाची किती महिने तालीम केली, ते तिने पाहिलं होतं. त्याचं वाक्य पुरं व्हायला कितीही वेळ लागो, जन्मभर तिने ते एकदाही तोडलं नव्हतं.

बैठकीत तो जेमतेम दुसऱ्या वाक्यावर आला आणि जज्जसाहेबाने सुई उचलली. “परदेशातून मागवलेली सुई आहे रे बाबा. तुझ्यापायी किती झिजवू?” सगळे पोट धरधरून हसले. त्यानंतर भाऊ तिकडे फिरकला नाही, आणि थोड्याच दिवसांत एका रात्री छातीत कळ येऊन गेला.

हे दुःख ताईने गिळलं होतं. पण मागच्या महिन्यात जज्जसाहेब डोळे तपासायला तिच्या दुकानात आला. अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवली. समोर फक्त अक्षरांचा तक्ता उजळलेला.

“तुमच्या भावाचा शेवटचा फोन मलाच आला होता, बरं का,” तो सहज म्हणाला. “आमच्याकडे पाहुणे होते. हा आपला ‘छा... छा... छा...’ करत बसला. म्हटलं, झालं याचं सुरू! ठेवून दिला.”

ताईचा भिंग धरलेला हात तिथेच थांबला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि हा दोन गल्ल्या सोडून. म्हणून भावाने याला फोन केला होता. वेळेवर आणलं असतं तर वाचला असता, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते.

“पुढची ओळ वाचा,” ती म्हणाली.

जाताना त्याने खुर्चीवाला मागितला. तशी जुनी प्रत आता मिळत नाही म्हणे. ताई म्हणाली, बैठकीला मी स्वतः आणते, पण त्याच्या जागी मी बोलणार. जज्जसाहेबाला गंमत वाटली. तो हो म्हणाला.

उन्हाने रेकॉर्डी वाकतात म्हणून त्या खोलीचे पडदे भरदुपारीही ओढलेले होते. तापलेल्या यंत्राचा आणि जळक्या धुळीचा वास भरून राहिला होता. दातांचा डॉक्टर आणि बेकरीवाला भांडून भांडून घामाघूम झाले होते. ताईने अभ्रा सोडला, रेकॉर्ड जज्जसाहेबाच्या हातात दिली आणि भावाच्या जुन्या स्टुलावर जाऊन बसली. काय बोलायचं ते तिला पाठ होतं. या दोघांच्या देखत ‘छा’ म्हणजे काय ते सांगायचं. टकटक चालू असेपर्यंत तिला कुणी अडवू शकत नव्हतं. याच्याच नियमाने याचीच जिरवायची.

बाजू संपत आली. शेवटच्या गाण्यात गाणाऱ्याचा गळा खरंच फाटला आणि तरी तो गात राहिला. ताईला पहिल्यांदाच त्या गोंगाटात भावाला काय सापडलं होतं ते कळलं आणि तिचे डोळे भरून आले. मग गाणं विरलं. सुई आत सरकली.

टक्... टक्... टक्...

ताईने तोंड उघडलं. पण तिच्याआधी स्पीकर बोलला.

“छा...”

टक्.

“छा...”

खोलीत पेपरमिंटचा वास आला. हळूहळू नाही, कुणी कानाशी येऊन श्वास सोडावा तसा एकदम.

“हे... हे रेकॉर्डमध्येच आहे का?” दातांचा डॉक्टर पुटपुटला.

“विलायती माणूस असं कशाला बोलेल?” बेकरीवाला कसाबसा म्हणाला.

“कचरा असेल. खोबणीत कचरा अडकलाय.” जज्जसाहेब उठला. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

 ताईचा आवाज मात्र स्थिर निघाला. “नियम आहे ना? सुई उचलायची नाही. त्याला बोलू द्या.”

“छाती...” टक्. “छातीत...” टक्. “छातीत दु...”

एवढंच राहिलं होतं. हा माणूस आणखी दोन फेरे गप्प उभा राहिला असता, तर त्याचं वाक्य पुरं झालं असतं. पण सवय वाईट. त्याने झडप घातली आणि सुई उचलली.

शांतता. तबकडी नुसतीच फिरत होती.

“बा...” जज्जसाहेब म्हणाला.

टक्, असं त्याच्या घशात वाजलं.

“बा...” टक्. “बा...” टक्.

त्याला ‘बास’ म्हणायचं होतं. त्याने घसा धरला, मान झटकली, डोळे बाहेर आले. भावाचं अडखळणं असं नव्हतं. भाऊ झगडायचा, धापा टाकायचा, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडायचा. हे मात्र अगदी एकसारखं होतं. तबकडीचा एक फेरा झाला की एक अक्षर.

डॉक्टरने घाबरून यंत्राचं बटण बंद केलं. तबकडी मंदावली, तसा जज्जसाहेबाचा आवाजही मंदावला, जाड झाला, खोल गेला... आणि तबकडी थांबली तेव्हा तो उघड्या तोंडाने तसाच उभा राहिला. पापणी हलेना. छातीही हलेना.

“चालू करा!” बेकरीवाला किंचाळला. “अहो, चालू करा ते!”

बटण दाबलं. टक्. “बा...”

ताई उठली. तिने रिकाम्या अभ्र्याची नीट घडी केली. भीती तिलाही वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत थंड होत होतं. “रेकॉर्ड राहू दे,” ती म्हणाली. “तुम्हीच मागितली होतीत.”

मंडळ मोडलं. त्या घरातून दिवसरात्र यंत्राची घरघर ऐकू येते, असं लोक म्हणू लागले. कुणी म्हणे त्याला झटका आला, कुणी म्हणे डोकं फिरलं. ताई काही बोलली नाही. तिला झोप छान लागत होती.

मग एका सकाळी शहरातली वीज सारखी ये-जा करत होती. अंधाऱ्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ चौकट चढवून बसले होते, दुकानातला दिवा मिणमिणत होता, आणि फोन वाजला.

“ता...” टक्. “ता...” टक्.

आवाज मंदावत होता, जाड होत होता, मधेच पुन्हा उचल खात होता. ताईने जज्जसाहेबाला ओळखलं. त्याला काय हवंय तेही तिला कळलं. कुणीतरी यायला हवं होतं, वीज पुरती जायच्या आत. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं का? तिला भाऊ आठवला, जमिनीवर पडलेला, कानाशी फोन धरलेला. तो किती वेळ बोलायचा प्रयत्न करत राहिला असेल!

“आज माझ्याकडे पाहुणे आहेत,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

काय बरं वाटलं तिला! वर्षभराचं ओझं उतरलं. पदराला हात पुसून ती अंधाऱ्या खोलीत आली. तक्ता उजळलेला होता. गृहस्थ वरची ओळ वाचून वाट बघत होते.

“पु...” ताई म्हणाली.

 तिच्या जिभेवर पेपरमिंटची चव होती.

“काय म्हणालात, बाई?” गृहस्थांनी विचारलं.

टक्.

“पु...”