आमची ठमा म्हातारी नव्हती

गॅरेजमध्ये ठणठणीत आणि घरी आली की आजारी, अशी गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का? आमच्याकडे होती. घरचे तिला भंगारात द्यायला निघाले होते, आणि त्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझी आई गुरांची डॉक्टर आहे. आम्ही देवरुखला राहतो आणि तिचे पेशंट घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये. आता खाली गावात सगळ्या गाड्या विजेवर चालतात, रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब आहेत, पण घाट चढायला लागलं की खांब संपतात. औषधं ड्रोन वर नेऊन देतो, ते खरं. पण अडलेल्या गाईच्या पोटातलं वासरू काही ड्रोन फिरवून काढत नाही, त्याला आईच लागते. म्हणून आईने जुनी हायब्रिड गाडी घेतली. हायब्रिड म्हणजे दोन ताकदींवर चालणारी. तिच्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटरही, आणि तिला खांब लागत नाही, कारण स्वतःची वीज ती स्वतःच तयार करते. आमची गाडी दोन लाख किलोमीटर पळून आमच्याकडे आली होती. अंगाने जरा रुंद, म्हणून मी तिला ठमा म्हणायला लागले.

आता मला सांगा, इतकी पळालेली गाडी घरी आली की आधी काय करावं? तपासावी ना? आमच्या बाबांनी पूजा केली. ते ठीक आहे. चाकाखाली लिंबू ठेवलं, तेही ठीक आहे. पण मग नवी सीटकव्हरं आली, मान डोलवणारा गणपती आला, वासाची डबी आली, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' आलं, जणू काही गाडी आईची आहे हे कोणी विसरणार होतं. शेवटी आत्याने खास शिवून पाठवलेली जाडजूड गोधडी आली. ती बाबांनी मागच्या सीटवर अंथरली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. ठमाचं तेल कधी बदललंय, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

ठमाला बोलता येतं. पूजा चालू असताना ती मध्येच म्हणाली, "ब्रेकचं तेल जुनं झालं आहे." बाबांना तो अपशकुन वाटला. त्यांनी तिचा आवाजच बंद करून टाकला.

थोड्याच दिवसांत घाट चढताना समोर लाल दिवा लागला. बॅटरीचा. बाबा गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या माणसांनी ती घाटात फिरवून आणली, दिवा काही लागला नाही. बाबा खुशीत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी आई वर निघाली तर दिवा पुन्हा हजर. परत गॅरेज, परत ठणठणीत, परत घरी, परत दिवा. शेवटी गॅरेजवाले कंटाळले आणि म्हणाले, जुनी गाडी आहे साहेब, बॅटरी म्हातारी झाली असणार. काही न उघडता, काही न बघता! आणि बाबांना ते पटलं. रविवारी सकाळी भंगारचा ट्रक येणार असं ठरलं. आईला बिनगाडीचं वर जाता येत नाही, म्हणून तिने घाटावरचं काम सोडून जिल्ह्याच्या ऑफिसात टेबलापाशी बसायचं, असंही ठरलं. आई नुसती गमबूट धुवत बसली. त्या बुटांकडे बघून माझं डोकंच फिरलं.

शनिवारी दुपारी मी ठमामध्ये जाऊन बसले आणि तिचा आवाज चालू केला. तुझं नक्की दुखतंय काय, असं मी तिला सरळच विचारलं.

ठमा अजिबात तक्रारखोर नाही, विचारलं तेवढंच सांगते. तिने मला सगळं पायरीपायरीने सांगितलं. गाडी चढावर जाते तेव्हा बॅटरी मोटरला वीज देते. उतारावर किंवा ब्रेक लावताना उलटं होतं, फिरणारी चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. साध्या गाडीत ब्रेक लावला की चाकांचा सगळा जोर ब्रेक तापण्यात वाया जातो, इथे त्यातला बराचसा साठवला जातो. पण वीज आत-बाहेर करताना बॅटरी गरम होते, खूप वेळ खेळलं की मोबाईल होतो तशी. म्हणून तिच्याशेजारी एक पंखा असतो. तो गाडीतली गार हवा ओढून बॅटरीवर सोडतो.

"मग तू चालव ना पंखा," मी म्हणाले.

"पूर्ण वेगाने चालवते," ठमा म्हणाली. "घाटात तो ओरडत असतो. पण हवा येतच नाही. का येत नाही ते मला कळत नाही, मला आत बघायला डोळे नाहीत."

तिला डोळे नाहीत हे मी समजू शकते. पण आम्हाला होते ना! सगळ्या घरादाराला होते! मी विचारलं, ती हवा आत कुठून घेतेस? ती म्हणाली, मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिथून.

मी मागे वळून बघितलं. जाळी कुठेच दिसत नव्हती. तिथे आत्याची गोधडी होती, नीट खोचलेली.

आणि मग मला गॅरेजचं कोडं सुटलं. गाडी गॅरेजमध्ये न्यायची असली की बाबा आधी काय करायचे माहितीये? तिथल्या लोकांचे तेलकट हात लागतील म्हणून सीटकव्हरं आणि गोधडी काढून, घडी घालून कपाटात ठेवायचे. घरी आल्यावर पुन्हा अंथरायचे. म्हणजे ठमा गॅरेजमध्ये मोकळा श्वास घ्यायची आणि आमच्या घरी आली की आम्ही तिच्या नाकावर गोधडी दाबायचो. वर पुन्हा म्हातारी कोण, तर ती.

मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते हसले. एवढ्याशा गोधडीने कुठे गाडी बंद पडते का, म्हणाले, आणि आत्याने रात्रंदिवस खपून शिवलीय, तिला नावं ठेवू नकोस. मी रागाने लाल झाले. आई मात्र बूट पुसता पुसता थांबली.

रविवारी सकाळी भंगारचा ट्रक दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच वेळी वरच्या वाडीतून फोन आला की एक गाय अडली आहे, डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब यावं. आईने बॅग उचलली. बाबांनी ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं आणि गाडी वाटेत बंद पडली तर सोबत हवी म्हणून तेही बसले. मी मागे गोधडीवर बसले होते, मुद्दाम. शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही. मला सीटकव्हरं तशीच ठेवून फक्त गोधडी काढून बघायची होती.

निम्मा घाट चढेपर्यंत मागून पंख्याचा आवाज वाढत गेला आणि दिवा लागला.

"बघ," बाबा म्हणाले. "संपली."

"आई, गाडी कडेला घे," मी म्हणाले. आईने घेतली. मी उठून गोधडी ओढून काढली. कडेला खरंच जाळी होती, माझ्या तळहाताएवढी. मी बाबांचा हात धरला आणि जाळीवर ठेवला. पंखा हवा ओढत होता, बाबांच्या बोटांना ती लागली असणार, कारण त्यांनी हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने दिवा विझला. पुढचा चढ तर आधीच्यापेक्षा उभा आहे. ठमा तो चढली आणि वाडीत पोचेपर्यंत दिवा पुन्हा लागला नाही.

गोठ्यात वासरू बाहेर यायला वेळ लागला. तोवर बाबा बाहेर ठमापाशी उभे होते. मग त्यांनी ठमाला विचारलं की पंखा अजूनही एवढा का ओरडतो. तिने सांगितलं की जाळीच्या आत फिल्टर (हवा गाळणारा पापुद्रा) आहे, तो बहुतेक भरला असावा. तिने स्वतःला पूर्ण बंद करायला सांगितलं आणि बजावलं की नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या तर त्यांना मोठ्या माणसांनीही हात लावायचा नाही, त्यांत फार जोराची वीज असते. बाबांनी फक्त जाळी काढली. आतून काय निघालं म्हणता? आईने आजवर नेलेल्या सगळ्या शेळ्या-करडांचे केस, गवताची कुसळं, आणि आधीच्या मालकाच्या वेळची काळी धूळ. बाबांनी ते झाडून झाडून साफ केलं. त्यांचा पांढरा सदरा खराब झाला, तरी ते झाडतच राहिले.

वासरू झालं. पावसाळी गारवा होता आणि ते कुडकुडत होतं. कोरडं फडकं कुणाच्या हाताशी नव्हतं, तेव्हा बाबा स्वतः गेले आणि गोधडी घेऊन आले. आईने त्यात वासराला गुंडाळून चोळलं. थोड्या वेळाने ते पायांवर उभं राहिलं आणि गोधडीचं एक टोक चघळायला लागलं. आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. मी सांगणार आहे.

घाट उतरताना पंख्याचा आवाज येईना, आणि बॅटरी हळूहळू भरत चालली होती. बाबांनी ठमाला विचारलं, तुझं काय काय आधी करायला हवं? ठमाने सांगितलं ते मी लक्षात ठेवलंय. आधी गाडी थांबवणाऱ्या गोष्टी: ब्रेक आणि टायर. हायब्रिडमध्ये बराचसा वेग मोटरच कमी करते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात, पण वापर कमी म्हणून ते गंजून अडकूही शकतात, आणि ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून बिघडतं. मग तिला थंड ठेवणाऱ्या गोष्टी: हा फिल्टर, आणि इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या यंत्राचं) पाणी आणि ते फिरवणारा छोटा पंप. मग इंजिनाचं तेल, आणि कॉम्प्युटरला जागं करणारी लहान बॅटरी.

"आणि सीटकव्हरं?" बाबांनी विचारलं.

"ती मला दिसत नाहीत," ठमा म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा ट्रकवाला दारात चहा पीत बसला होता. बाबांनी त्याची माफी मागितली आणि त्याला परत पाठवलं. आई गमबूट काढून पायरीवर ठेवत होती, उद्यासाठी. इतक्यात ठमा, पूजेच्या दिवशी बोलली होती त्याच आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, "ब्रेकचं तेल जुनं झालं आहे."

बाबा गाडीजवळ गेले आणि खाली वाकून म्हणाले, "उद्या सकाळी पहिलं तेच करू."