अभिप्राय क्रमांक एकशे सतरा

"ताई, मी त्या घोडेवाल्याचा गळा दाबणार आहे!"

प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून ती फोनवर बोलत होती. बोलत कसली, ओरडतच होती. पायाशी ताईचा कुत्रा, वजीर, जिभल्या चाटत पडला होता. सकाळी त्याने भाऊजींचा मोजा गिळला होता आणि ताई-भाऊजी दोघंही कामावर असल्यामुळे हे काम धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडलं होतं.

"कोण घोडेवाला?" ताईने विचारलं.

"अगं तोच! माझ्या गेमचा वाचक. एकशे सतरा अभिप्राय, ताई! बाकीच्या एकोणचाळीस जणांचे मिळून नव्वदसुद्धा होत नाहीत. रिकामटेकडा मेला... म्हातारा असणार कोणीतरी, पेन्शनर. दिवसभर खुर्चीत बसून माझ्या चुका वेचत असेल."

"वजीर कोण?" दारातून आवाज आला.

तिने वर पाहिलं. हातात कागद घेतलेला डॉक्टर दारात उभा होता. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वय तिच्याच आसपास आणि कान... कान का कोण जाणे, लालबुंद झालेले.

आत टेबलावर वजीरचं पोट चाचपत त्याने विचारलं, "पाणी कधी प्यायला?"

"पाणी? ते... लक्षात नाही."

"हं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्याकडे जनावरांना पाणी विचारायची पद्धत नाही वाटतं."

ती चमकली. असलं वाक्य तिने कुठेतरी वाचलं होतं. पण तेवढ्यात वजीरने टेबलावरून उडी मारायचा घाट घातला आणि ते तिथेच राहिलं. डॉक्टरने वजीरला औषध पाजलं, तिच्याकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

आता हा घोडेवाला काय प्रकार होता ते सांगायला हवं. ती लेखिका होती, पडद्यावर वाचायच्या गोष्टींची. आर्थर राजाची जुनी कथा तिने नव्याने लिहिली होती. प्रत्येक प्रसंगाखाली दोन-तीन पर्याय, वाचक ज्यावर बोट ठेवेल तिकडे गोष्ट वळते. दगडातली तलवार उपसायची की दुसऱ्याला उपसू द्यायची, गोल मेजाशी कोणाला बसवायचं, सगळं वाचकाच्या हाती. दोन वर्षं ती यात बुडाली होती. प्रकाशनाआधी चाळीस वाचकांना चाचणीप्रत पाठवायची आणि त्यांनी चुका कळवायच्या, असा कंपनीचा रिवाज. त्यातला एक नियम तर देवानेही बदलला नसता. जो अभिप्राय उघडेल, त्यानेच तो बंद करायचा. एक जरी उघडा राहिला, तरी गेम बाहेर पडत नाही.

घोडेवाल्याचा पहिला अभिप्राय असा होता : 'प्रसंग बासष्ट. सरदार पुलापाशी घोडा बांधून किल्ल्यात जातो. पुढच्या सात प्रसंगांत त्या घोड्याला कोणी सोडत नाही, पाणी पाजत नाही. घोडा मेला का?'

तिने कपाळावर हात मारून घेतला होता. राज्य बुडतंय, जादूगार गायब झालाय आणि ह्या माणसाला घोड्याची पडलीय! चिडून चिडून तिने पुलापाशी हौद लिहिला. लगेच उत्तर : 'हौद छान. पण उन्हात आहे.' तिने झाड लिहिलं. मग नाल, खोगीर, चंदी... दोन महिने हेच. अशा एकशे सोळा नोंदी भांडून भांडून बंद झाल्या होत्या. राहिली होती एकच, एकशे सतरावी. तिच्यात घोडा नव्हता.

'राणीला पर्याय नाहीत.'

एवढंच.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत," संपादकबाईंनी बजावलं होतं. "नाहीतर तुझी जागा दुसऱ्या गेमला जाईल आणि तुझा गेम जाईल 'नंतर बघू'च्या यादीत." त्या यादीतून आजवर कोणी परत आलेलं नव्हतं.

दवाखान्यातून ती ऑफिसात पोचते तोच नवा अभिप्राय आला.

'क्रमांक एकशे अठरा. प्रसंग : प्राण्यांचा दवाखाना, सकाळी साडेदहा. अडचण : डॉक्टरने ओळख असून दिली नाही, हे बरोबर केलं नाही. घोडेवाला मीच. पेन्शनला अजून अवकाश आहे. सुचवलेला बदल : वजीरला उद्या परत तपासायला आणावं. डॉक्टर माफी मागेल.'

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ताई, त्याने सगळं ऐकलं गं!"

"तू बोलतेस तेव्हा चार घरं ऐकतात," ताई म्हणाली. "दिसायला कसा आहे?"

"ताई!"

"म्हणजे बरा आहे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. वजीरसाठी गेली, असं तिने स्वतःला चारदा सांगितलं. मोजा रात्रीच बाहेर आला होता आणि वजीर ठणठणीत होता, हा भाग वेगळा.

"माफ करा," डॉक्टर दारातच फोनवर एकशे अठरा बंद करत म्हणाला. "काल लगेच सांगायला हवं होतं. पण तुम्ही गळा दाबणार होतात."

"अजून बेत बदललेला नाही. एकशे सतरा बंद करा."

"राणीला पर्याय द्या."

"अहो, मूळ कथाच तशी आहे!"

"मूळ कथेत पुलापाशी हौद होता?"

"तो मी चिडून लिहिला!"

"चिडून फार छान लिहिता तुम्ही," तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिने पुढची शिवी गाळली. "राजाला तीन पर्याय, सरदारांना तीन, जादूगाराला दोन. राणी आली की खाली एकच बटण : पुढे. तिला कोणी विचारतच नाही. मी चारदा वाचून पाहिलं. सगळ्या वाटांनी."

"चारदा?"

"साडेचारदा. पाचव्या वेळी एका बैलाचं शिंग मोडलं, जावं लागलं." तो वजीरचे कान खाजवत होता. "माझे पेशंट बोलत नाहीत. काय दुखतंय, काय हवंय, सगळं मलाच ओळखावं लागतं. म्हणून मग जिला बोलता येतं तिलाही कोणी विचारलं नाही, की... मला वाचवत नाही."

तो म्हणत होता ते खरं होतं आणि तिला राग आला होता तो त्याच गोष्टीचा. दोन वर्षांत हे तिच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अकरा प्रसंग बदलावे लागतील," ती कुरकुरली. "तीन दिवसांत. तुम्ही नुसतं बंद करून टाका ना!"

"खोटंच?"

"हो, खोटंच!"

"नाही."

"हट्टी आहात."

"तुम्हीही. म्हणून तर..." पुढचं त्याने वजीरच्या कानात सांगितलं असावं, कारण वजीरने शेपटी हलवली.

तीन दिवस ती टेबलावरून उठली नाही. राणी आता दरबारात प्रश्न विचारू लागली, राजाला नाही म्हणू लागली, एका वाटेवर तर चक्क घोडा घेऊन एकटीच निघाली. लिहिताना लेखिकेला सारखं वाटत होतं, की हे त्याला आवडेल, इथे तो 'छान. पण...' म्हणेल. बुधवारी त्याचं काहीच आलं नाही, तर तिने दिवसभरात वीसदा अभिप्रायांची पेटी उघडून पाहिली. विसाव्या वेळी तिला स्वतःचाच वैताग आला. 'त्या घोडेवाल्याच्या प्रेमात पडलीस तू, मूर्ख मुली,' ती पडद्याला म्हणाली, आणि पडद्याने काही नाही म्हटलं नाही.

गुरुवारी अकरा प्रसंग झाले. मग तिने बारावा लिहिला, फक्त त्याच्या प्रतीसाठी. राणी पागेत येते. मोतद्दार घोड्याला खरारा करतोय. राणी म्हणते, 'रोज येऊन तू घोड्यांसाठी मागत असतोस. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीस.' खाली राणीचे तीन पर्याय. एक : निघून जावं. दोन : घोडा मागावा. तीन : सांगून टाकावं, की तू तक्रार घेऊन येत नाहीस त्या दिवशी मला करमत नाही.

तिसऱ्याच्या पुढचा प्रसंग तिने लिहिला नाही. तो तिला ठाऊकच नव्हता.

प्रत पाठवताना 'फक्त या वाचकाला' या चौकटीत खूण करायची असते. एकशे सोळा वेळा भांडताना तिने ती न चुकता केली होती. एकशे सतराव्या वेळी तिने आधी डोळे मिटले. मग बटण दाबलं, आणि खूण करायची राहून गेली.

शुक्रवारी सकाळी पेटी उघडली तर एकोणचाळीस अभिप्राय.

'हा मोतद्दार आधी का नाही दिसला?' 'राणी, पर्याय तीन!! वेळ काय घालवतेस!' 'तिसऱ्यावर बोट ठेवलं की पडदा कोरा होतो. असा छळ करू नका.' एका आजोबांनी लिहिलं होतं, 'आमच्या हिला वाचून दाखवलं. ती विचारते, मुलगा काय करतो?'

तिने तोंड ओंजळीत लपवलं. संपादकबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "हा बारावा प्रसंग मंजूर कोणी केला?"

"चुकून... काढते. आत्ता काढते."

तिने सगळ्यांच्या प्रती दुरुस्त केल्या. प्रसंग निघाल्यावर त्या नोंदीही गेल्या. फक्त त्याच्या प्रतीतला प्रसंग तिने ठेवला. त्याचं मात्र उत्तर नव्हतं. बारा वाजले, तीन वाजले. एकशे सतरा उघडाच. चाळिसांतल्या एकोणचाळिसांना तिचं मन कळलं होतं, आणि ज्याला कळायला हवं तो गप्प होता! चार वाजता तिने दवाखान्यात फोन केला. कोणी उचलला नाही.

साडेचारला ऑफिसच्या दारात तो उभा. केसांत गवताची काडी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"घोडी व्यायली," तो धापा टाकत म्हणाला. "पहाटेपासून तिकडे होतो, फोनला रेंज नाही. शिंगरू आडवं होतं... दोघंही बरी आहेत. शुक्रवार आठवला आणि तसाच आलो. नवी प्रत आली का?"

म्हणजे त्याने वाचलंच नव्हतं.

"बसा," ती कशीबशी म्हणाली. "प्रसंग दोनशे दहा उघडा."

"मध्येच? नाही हो. सुरुवातीपासून वाचतो."

"पंचवीस मिनिटं राहिलीत!"

"वाट पाठ आहे मला," म्हणत तो तिच्याच खुर्चीत बसला आणि आपली प्रत उघडून दगडातल्या तलवारीपासून सुरू झाला. ओठ हलवत. पुलापाशी थांबून त्याने हौद पाहिला. झाड पाहिलं. ती नखं खात उभी. मागे सगळं ऑफिस काम करत असल्याचं नाटक करत होतं. पावणेपाचला राणीने पहिला प्रश्न विचारला, तेव्हा तो नुसता हसला. पाचला आठ मिनिटं असताना राणी पागेत आली.

त्याचे ओठ हलायचे थांबले. कान लाल झाले. तिन्ही पर्याय त्याने पुन्हा वाचले, आणि मग अगदी हळूच, दुखऱ्या पंजाला हात लावावा तसं, तिसऱ्यावर बोट ठेवलं.

पडदा कोरा झाला.

"पुढे काय होतं?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर..."

"पाच मिनिटं!" संपादकबाई ओरडल्या.

त्याने अभिप्रायांच्या यादीत जाऊन एकशे सतरा बंद केला. यादी कोरी झाली, आणि ऑफिसात कोणीतरी टाळी वाजवली. तो उठून तिच्यासमोर उभा राहिला.

"एकशे एकोणिसावा तोंडी देतो. लिहिला तर परत यादी उघडेल." तो एक पाऊल जवळ आला. "तुमचं उत्तर आलं नाही की मलाही करमत नाही. खूप दिवसांपासून. घोड्यांच्या शेवटच्या वीस तक्रारी होत्या ना... त्या चुका नव्हत्याच. तुम्ही चिडून काहीतरी लिहाल म्हणून पाठवत होतो."

"वीस?" तिचा आवाज चढला. "मी त्या वीसही दुरुस्त केल्या! तीन दिवस नालांवर वाचत बसले! आणि म्हणे खोटं चालत नाही!"

"खोटं बंद करत नाही. उघडलं... थोडं."

तिने त्याच्या केसांतली गवताची काडी काढली. खरं तर तिला ती त्याच्या तोंडावर फेकायची होती, पण हातातच राहिली.

"त्या वीस जागा तुम्ही माझ्यासमोर बसून वाचायच्या," ती म्हणाली. रागाने म्हणायचं होतं, पण हसू आवरेना. "एकेक. आजपासून."

"सुरुवातीपासून?"

"सुरुवातीपासून."

तो परत तिच्या खुर्चीत बसला. तिने दुसरी खुर्ची ओढली, अगदी त्याच्या खुर्चीला लावून.