बांधावरची ओल

दुपारी मी मक्याच्या बांधाशी डबा विसळत होते, तेव्हा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे तुमचं काम होय."

वळून पाहिलं. धुळीने भरलेले बूट, खांद्याला पिशवी आणि हरवलेलं काही सापडल्यासारखं हसू. हे पाणीवाले. ऊन, वारा, पानांची वाढ आणि मातीतली ओल यांवरून पीक रोज किती पाणी पितं याचं गणित ते शहरातल्या कचेरीत बसून मांडायचे, आणि "आज पाणी द्या" किंवा "आज नको" असा निरोप माझ्या फोनवर धाडायचे. दोन महिने निरोप वाचत होते. माणूस पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी फोनवर एक रेघ दाखवली. रोज सव्वा वाजता ती जराशी वर चढायची. ओल मोजणारा त्यांचा दांडा माझ्या पायाशीच रोवलेला होता, आणि मी रोज त्याच्या बुडाशी डब्याचं पाणी ओतत होते. गणिताला वाटलं, सगळं रान ओलं आहे. म्हणून दहा दिवस नुसतं "आज नको."

मी मक्याकडे पाहिलं. नुकते तुरे आलेले, आणि पानं सुरळ्या होऊन उभी. दिसत होतं मला... पण मी डोळ्यांपेक्षा फोनचं ऐकलं.

"इथेच का जेवता, ताई?"

काय सांगणार? आईच्या पाठोपाठ बाबा गेले, तेव्हापासून घरात फक्त माझ्याच भांड्यांचा आवाज. त्या दांड्यावर एक हिरवा दिवा लुकलुकायचा. कुणीतरी आहेसं वाटायचं. मी म्हटलं, "सावली आहे म्हणून."

तिथे सावली नव्हती. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं.

घर सोडायचं नाही म्हणून मी भांडले, तेव्हा दादाने बजावलं होतं, हा हंगाम गेला तर रान विकायचं आणि मी त्याच्या घरी राहायला जायचं, वहिनीच्या हाताखाली. हे मी सांगितलं, तेव्हा पाणीवाल्यांचा चेहरा उतरला. दांडा रानाच्या मधोमध हवा होता, म्हणाले. चिखलात शिरायचा कंटाळा केला आणि बांधावरच रोवला.

विहिरीत रान एकदा भिजवण्यापुरतंच पाणी होतं. सगळं आजच देऊ, असं मी म्हणत होते. त्यांनी दांडा आत नेऊन रोवला, चार ठिकाणी खणून माती मुठीत दाबून पाहिली, आणि गणित पुन्हा मांडलं. निम्मं आज, निम्मं दाणा भरताना.

"खात्री आहे?"

"नाही. पण रोज येऊन बघेन."

आले. रोज. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "ताई म्हणणं आता सोडा."

"मग काय म्हणू?"

"मांडा गणित."

त्यांचे कान लाल झाले. मग मातीकडे बघत म्हणाले, की रेघेची ती चढण बिघाड असणार हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कचेरीत एकटेच असायचे... सव्वा वाजायची वाट बघायची सवय लागली, म्हणून तपासायला आले नाहीत. मी रागवायला हवं होतं. जमलं नाही.

तीन आठवड्यांनी दादा आला. कणीस सोलून त्याने दाण्याला नख लावलं. दूध आलं. "राहा मग," एवढंच म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात पाणीवाल्यांची बदली झाली. दूरच्या कोरड्या मुलखात, दोन वर्षांसाठी. बसथांब्यावर त्यांनी विचारलं, "माझ्याबरोबर येशील?"

मी म्हटलं, "आत्ता कुठे इथे राहायला मिळालंय."

त्यांनी मान डोलावली. बस गेली.

ज्या घरासाठी दादाशी भांडले, त्याचं दार उघडावंसं वाटेना. पायरीवरच बसले. मग त्यांना फोन लावला.

"दोन वर्षं थांबेन. वर एक दिवस नाही."

बसच्या घरघरीतून ते हळूच म्हणाले, "दीडमध्ये जमतंय का, बघतो."