कोपऱ्यातल्या ताईने सांगितलेलं पुस्तक

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या मागे लागणार नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि मावशी म्हणजे अशी बाई, की तिच्यासमोर भुताखेताचं नाव काढलं तर म्हणणार, "रिकामा वेळ आहे ना? मग तो पंखा पुसून काढ."

तिने हे मला एकदाच सांगितलं. सांगताना एकदाही हसली नाही.

दिवस शनिवारचा. वेळ संध्याकाळची, दिवे लागायच्या जराशी आधीची.

जागा… एका सार्वजनिक वाचनालयाचा पहिला मजला. मागच्या बाजूची खोली. बालविभाग.

मावशी तिथे ग्रंथपाल. मुलांच्या पुस्तकांची सगळी जबाबदारी तिची. खोलीत बुटकी कपाटं, मुलांच्या हाताला येतील अशी. मध्ये चटया. दाराशी तिचं टेबल, त्यावर तारखेचा शिक्का आणि फाटक्या पुस्तकांना लावायची चिकटपट्टी. अगदी आत, खिडकीपासून लांब, दोन कपाटं काटकोनात लावलेली. त्यांच्यामध्ये कोपऱ्यात एक फट राहिली होती.

मोठ्या माणसाचा हात जाईल एवढीच. खांदासुद्धा जाणार नाही.

हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी मावशी अगदी वैतागलेली होती. खोलीतलं एकूण एक पुस्तक तिने वाचलेलं. कुठल्या मुलाला काय आवडेल, याचा विचार ती भाजी निवडतानाही करायची. आणि मुलांचे आईबाप यायचे ते काय विचारत?

"बाई, काहीतरी उपयोगाचं द्या. ज्ञान वाढेल असं."

"गोष्टीची नको हो, परीक्षा आहे."

"बारीक अक्षराचं द्या. मोठ्या अक्षराचं लवकर संपतं."

मुलं तर काय, ती "हे वाचून बघ" म्हणाली की पुस्तक घेऊन दोन चटया पलीकडे जायची आणि गुपचूप खाली ठेवून यायची.

वरून वाचनालयाचे कार्यवाह. त्यांनी एक दिवस खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, इथे अभ्यासिका केली तर? चाळीस खुर्च्या बसतील. तुमच्याकडे येतंय कोण?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? खरंच कोणी येत नव्हतं.

आणि घरी तिची स्वतःची मुलगी. चौदा वर्षांची. लहानपणी डोळे गोल गरगरीत होते म्हणून सगळे तिला बटण म्हणतात, अजूनही. ग्रंथपालाची एकुलती एक पोरगी, आणि पुस्तक म्हटलं की जांभई. मावशीने तिच्या उशाशी पुस्तकं ठेवून पाहिली, वाचून दाखवून पाहिली, रुसून पाहिलं. शेवटी हात टेकले.

तर अशात ते सुरू झालं.

दोन वेण्यांची एक मुलगी टेबलाशी आली. हातात एक जुनं पुस्तक, मागे चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर कित्येक वर्षांत शिक्का नाही. गाव सोडून नव्या शाळेत जावं लागलेल्या मुलीची गोष्ट.

"अरे वा! कसं काय शोधलंस?" मावशीने विचारलं.

"त्या ताईने सांगितलं."

"कोणती ताई?"

मुलीने आत बोट दाखवलं. "ती… कोपऱ्यातली."

मावशी मान उंचावून बघते तर कोणी नाही. असेल कोणीतरी मोठी मुलगी, गेली असेल.

महिनाभराने ती मुलगी पुन्हा आली. कार्ड परत करायला. वडिलांची अचानक बदली झाली होती.

"बरं झालं मी ते वाचून ठेवलं होतं, बाई," ती जाताना म्हणाली. "मला माहितीय आता, पहिल्या दिवशी काय करायचं."

योगायोग. मावशीने मान हलवली आणि शिक्का मारायला घेतला.

मग आणखी एक मूल आलं. मग आणखी तीन. सगळ्यांच्या हातात नेमकं पुस्तक. आणि विचारलं की एकच उत्तर…

"कोपऱ्यातल्या ताईने सांगितलं."

पुस्तकं घरी जात होती, वाचून परत येत होती, मुलं भावंडांना घेऊन येत होती. कार्यवाह स्वतः वर आले. "बाई, काय जादू केलीत हो? राहू दे तुमचा बालविभाग!"

मावशी कसंनुसं हसली. आतून मात्र धुमसत होती. इतकी वर्षं घसा कोरडा केला तिने. आणि शाबासकी मिळाली ती भलतीच्याच कामाची.

मग कुत्र्याचं प्रकरण झालं.

आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने आणलं कुत्र्याचं पुस्तक. सोबत वडील होते. त्यांनी शेवटची पानं चाळली आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "शेवटी कुत्रा मरतो यात. असलं रडकं कशाला देता पोरांना?"

"मी नाही दिलं," मावशी म्हणाली. "पण पुस्तक चांगलं आहे."

"ठेवा तुमच्यापाशीच."

थोड्याच दिवसांत तो मुलगा एकटा आला. डोळे सुजलेले. त्यांच्या घरातलं कुत्रं गाडीखाली गेलं होतं. तो मावशीशी बोलला नाही. सरळ आत गेला, कोपऱ्याकडे तोंड करून बसला. बराच वेळ. मग तेच पुस्तक घेऊन आला.

"ताई म्हणाली, आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं."

मावशीच्या हातातला शिक्का तसाच राहिला…

त्या दिवसापासून ती पाळत ठेवू लागली.

एका दुपारी एक छोटी पोर फटीपाशी उकिडवी बसली होती. मान तिरकी. कोणीतरी कानात बोलत असल्यासारखी.

"हो… हो… नाही गं, भुताचं नको. मला भीती वाटते."

मावशी दबक्या पावलांनी तिच्या मागे गेली. वाकून फटीत पाहिलं.

भिंत. बस, भिंत.

पण फटीत धूळ नव्हती. खोलीतल्या प्रत्येक फटीत होती, तिथे नव्हती.

आणि मग आवाज आला…

टक.

टक.

टक.

रांगेत लावलेल्या पुस्तकांवरून कोणी नख फिरवत जावं, तसा. एकेका पुस्तकावर जरासं थांबून. शोधत असल्यासारखा.

मावशीने तो आवाज ओळखला. ती स्वतः पुस्तक शोधते तेव्हा अगदी तसाच आवाज होतो.

घरी जाऊन तिने आधीच्या ग्रंथपालबाईंना फोन लावला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आडून आडून विचारलं, की त्या खोलीत पूर्वी कोणी… म्हणजे काही झालं होतं का?

त्या खो खो हसल्या. "अगं, त्या खोलीत आधी मोडक्या खुर्च्या ठेवायचे. मग मी आले, मग तू. मेलं कोणीच नाही. मी तर तुझ्याशी बोलतेय!"

म्हणजे तेही नाही. कोणी मेलं असतं तर निदान काहीतरी धरायला मिळालं असतं.

आता तो शनिवार.

मुलं लवकर गेली होती. खालचे शिपाईकाका चहाला बाहेर गेलेले. मावशी एकटीच चटया गुंडाळत होती. त्याच सकाळी घरी बटणशी जोरात भांडण झालं होतं. "तुला मी नकोच आहे. तुला पुस्तकं वाचणारी मुलगी पाहिजे," असं म्हणून पोरगी दार आपटून गेली होती.

एकाएकी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

आणि त्या शांततेत…

टक. टक. टक.

मावशी म्हणाली, "मला भीती नाही गं वाटली. मला राग आला."

ती कोपऱ्यापाशी गेली आणि चक्क ओरडली. "कोण आहेस तू? इतकी वर्षं मी जिवाचं रान करते, तेव्हा कोणी ऐकत नाही. आणि तू नुसती कुजबुजलीस की झालं! एवढं कळतं ना तुला? मग माझ्या मुलीला सांगून दाखव एखादं! तिच्या हातात एक, एकच पुस्तक देऊन दाखव!"

टकटक थांबली.

बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही येईना. मावशीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मग कळलं…

श्वास दोन होते.

वीज आली तेव्हा ती जिन्यात उभी होती. तिथवर कशी आली, ते तिला आठवत नाही.

पुढच्या शनिवारी बटण वाचनालयात आली. घराची किल्ली न्यायला. एरवी ती खालीच थांबून हाक मारायची. त्या दिवशी मावशी कार्यवाहांच्या खोलीत होती, म्हणून पोरगी वर गेली.

मावशी परत आली, तर बटण आत कोपऱ्यापाशी, भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर पुस्तक. निळ्या कव्हरचं, पातळसं.

मावशीला आधी आनंद झाला. मग तिने ते कुठलं पुस्तक आहे ते पाहिलं.

एका सकाळी घरातून नेहमीसारखी बाहेर पडलेल्या एका मुलीची ती गोष्ट होती. मुलगी पहिल्या पानावर जाते. बाकी सगळं पुस्तक म्हणजे घरात उरलेली तिची आई.

मावशीने झडप घालून ते ओढून घेतलं. "हे नाही वाचायचं!"

"कमाल आहे!" बटण उसळली. "जन्मभर वाच वाच म्हणून डोकं खाल्लंस. आता हातात घेतलं तर ओढून घेतेस?"

"दुसरं देते. कुठलंही घे. हे नको."

"अगं पण ते माझ्यासाठी नाहीच आहे."

"म्हणजे?"

"इथे एक ताई होती. मी विचारलं, मला देता का काही. तर म्हणाली, तुला नको…" बटणने खांदे उडवले. "म्हणाली, हे आईला दे. तिला लागेल."

मावशीने फटीकडे पाहिलं.

"कशी होती ती? दिसायला?"

"दिसली कुठे? आवाज आला फक्त." बटण जरा थांबली. "तुझ्यासारखा होता. मला आधी वाटलं तूच आहेस."

…

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

बटणला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले पोरगी ठणठणीत आहे. पण मावशी तिला सायकल चालवू देत नाही. सहलीला पाठवत नाही. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभी असते. मैत्रिणी हसतात. बटणला लांबच्या एका शाळेत, वसतिगृहात राहून शिकायचंय, तिने प्रवेशही मिळवला होता. मावशीने साफ नाही म्हटलं.

"मला श्वास तरी घेऊ दे!" पोरगी ओरडते. "एक दिवस खरंच निघून जाईन, मग बस."

ते ऐकलं की मावशी पांढरीफटक पडते. पण सोडत नाही. मावसोबांनी समजावलं, मी समजावलं. काही उपयोग नाही.

आणि कोपरा… बटण तिथे बसली त्या शनिवारनंतर गप्प आहे. मुलं येऊन विचारतात, "बाई, ती ताई कुठे गेली? मग तुम्ही सांगा ना, काय वाचू?"

ज्या प्रश्नासाठी तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली, तो प्रश्न आता रोज येतो. आणि मावशी नुसती कपाटासमोर उभी राहते. हात पुढे करते, पुस्तकाला बोट लागतं, टक आवाज होतो… आणि हात मागे घेते. कोणाला काय द्यावं, याची तिला भीती वाटते. शेवटी म्हणते, "तुझं तूच बघ, बाळा."

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. बटणला मैत्रिणीकडून यायला उशीर झाला. फार नाही, थोडासाच. मावशी दारात उभी. चहा निवून गेला.

तिला धीर यावा म्हणून मी विचारलं, "मावशी, त्या निळ्या पुस्तकात ती मुलगी परत येते का गं शेवटी?"

"लेखिकेने सांगितलेलं नाही. दाराचा आवाज येतो आणि पुस्तक संपतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी किती जणींना म्हणायचे, हे वाचाच. शेवट मोकळा सोडलाय, म्हणून तर छान आहे…"

तेवढ्यात बटण आली. चपला भिरकावल्या, आमच्याकडे न बघता आत गेली, खोलीचं दार धाडकन लावून घेतलं.

मी सुटकेचा निःश्वास सोडला. "आली बघ. बस आता."

मावशीने मान हलवली. पण ती बसली नाही.

पोरगी आत होती. तिच्या खोलीत दिवा लागलेला मला दिसत होता. आणि मावशी तशीच उंबऱ्यात उभी राहून, रस्त्याच्या टोकाकडे बघत होती.