रितं सोडू नये

लातूरला मुलीचे क्लास, म्हणून मुरुडचं घर सोडायचं ठरलं. बायको आणि मुलगी सुकन्या दोन दिवस आधीच पुढे गेल्या. मागे मी, आई आणि सामान. आई यायला तयारच नव्हती. "संगम, तू बरुबर ऱ्हाणार असशील तर येते," म्हणाली, "तुला सोडून मला कुठंच करमत न्हाई." मी शब्द दिला. शाळेत पोरं मला टरकून असतात, पण आईपुढे माझी डाळ शिजत नाही.

फेब्रुवारीतली सकाळ, दहाचा सुमार. हमालांनी कपाट उचललं आणि मागच्या भिंतीवर किडे दिसले. तिळाएवढे, राखी रंगाचे, पंखवाले. हजारोंनी असतील. मी विज्ञान शिकवतो, एक पेल्याखाली धरून पाहिला. सहा पाय, चार पंख. अगदीच साधा.

मग पलंग गेला. फरशीवर पलंगाच्याच आकारात किडे बसले. शिलाई मशीन गेलं, तर तिथे ते मशीनच्याच उंचीला हवेत थांबले. पंख हलत होते, आवाज मात्र नव्हता. उन्हाच्या तिरिपीत घर भरलेलंच वाटत होतं, फक्त धूसर. हमालांनी नुसतं "चिलटं झालीत, मास्तर" म्हणत गाठोडी उचलली. मला भीती वाटायला हवी होती. उलट झोप येत होती, लहानपणी तापात आई कपाळाला विभूती लावायची तेव्हा यायची तशी.

शेजारच्या दानम्मा भाकरी-पिठलं घेऊन आल्या. रिकाम्या खोल्यांकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, रितं घर सोडू न्हाई. कायतरी ठिवून जावा."

"एवढे किडे ठेवतोय की!" मी म्हटलं.

"किडे तुमचे हायत व्हय?"

दुपारी टेम्पो भरला. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. कुलूप लावायच्या आधी एकदा सगळं बघून घ्यावं म्हणून मी आत गेलो. मधल्या खोलीत उभा राहिलो. किडे अंगावर बसले नाहीत. भोवती गोळा झाले, हलके, उबदार. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

बाहेर आलो. कुलूप लावलं. खिडकीतून आत पाहिलं.

मी उभा होतो त्या जागी, माझ्याएवढं काहीतरी उभं होतं.

टेम्पोत चढलो तशी आई अंग चोरून सरकली. "बसा," म्हणाली. "माझा लेक कुलूप लावायलाय. तेवढा येऊ द्या."

"आई, मीच की गं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा दाराकडे.

त्याला आता तीन महिने झाले. आई ठणठणीत आहे. सून, नात, भाजीवाला, सगळ्यांना ओळखते. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. मला ती पाहुण्यासारखं ताट वाढते, संकोचानं आग्रह करते.

रोज संध्याकाळी ती दानम्मांना फोन लावते. काल फोन स्पीकरवर होता.

"माझा संगम जेवला का?"

"हाव, आत्ताच जेवला," दानम्मा म्हणाल्या. "तुला कवा न्यायला येऊ, म्हणून इचारायलाय."